खिडकीत कमान

बटण, मेनू, टेक्स्टबॉक्स तयार मिळतात. बीबी का मकबऱ्याची कमान मिळत नाही, ती कोडनं काढावी लागते. म्हणून ग्राफिक्स शिकवताना मी घर-झाड-सूर्य सोडून कमानच देतो. छत्रपती संभाजीनगरात दरवाजांना तोटा नाही. नमुना बघायला कुणाला लांब जावं लागत नाही.

*

सगळ्यात सोपी टोकदार कमान कंपासपेटीतली. तळाच्या एका टोकावर कंपास टेकवायचा, दुसऱ्या टोकातून चाप मारायचा, मग उलट. पायथॉनच्या टीकिंटरमध्येही तेच. टोकं (१००, ३००) आणि (३००, ३००), त्रिज्या २००. फक्त 'क्रिएट-आर्क' केंद्र विचारत नाही, वर्तुळ ज्या चौरसात बसतं त्याचे कोपरे विचारतं. डावा चाप: (१००, १००) ते (५००, ५००), सुरुवात १२० अंश, पसारा ६०. उजवा: (-१००, १००) ते (३००, ५००), सुरुवात ०, पसारा ६०. उणे शंभर बघून मुलं दचकतात. चौरस खिडकीबाहेर गेला तर जाऊ द्या, चाप आत आहे ना!

शेंडा येतो (२००, १२७) च्या आसपास. म्हणजे वर जावं तसा आकडा लहान, कारण इथे वाय वरून खाली मोजतात. कोन मात्र पाठ्यपुस्तकासारखेच, घड्याळाच्या उलट. एका फंक्शनमध्ये दोन कायदे. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला नमस्कार.

*

मकबऱ्याची कमान एवढी निमुळती नाही. ती चार केंद्रांची: पायाशी लहान त्रिज्येचे दोन चाप, वर मोठ्या त्रिज्येचे दोन, आणि मोठ्यांची केंद्रं तळरेषेच्याही खाली. जोडावर कोपरा दिसू नये असं वाटत असेल तर लहान केंद्र, मोठं केंद्र आणि जोडबिंदू एका रेषेत हवेत. मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला याला हे दोरी-खुंटीवर जमत असणार. मुख्य दारावर त्याचं आणि अभियंता हंसपत राय याचं नाव कोरलेलं आहे. मुलांना सांगतो, तुम्हीही फाइलच्या माथ्यावर नाव घाला.

*

ज्यांना चापांचा कंटाळा येतो ते बेझिए वक्राकडे वळतात. पिअर बेझिए रेनॉ कंपनीतला. हे वक्र गाडीच्या पत्र्यासाठी. सित्रोएनचा पॉल द कास्तेल्जो १९५९ च्या सुमारास तिथवर पोचला होता, पण कंपनीनं काम गुपित ठेवलं आणि नाव दुसऱ्याचं लागलं. वाळूजचे गाड्यांचे कारखाने जवळ असल्यानं ही गोष्ट वर्गात लगेच पोचते.

*

जाळी. कबरीभोवतीचा संगमरवरी पडदा अष्टकोनी आहे. अष्टकोन सोपा: साइन-कोसाइन, ४५ अंशांच्या आठ पायऱ्या. शून्यापासून सुरू केलं तर तो टोकावर उभा राहतो. सपाट बसवायचा तर २२.५ पासून.

भोकं पाडणं अवघड. टीकिंटरच्या पॉलिगॉनला भोक पडत नाही; पार्श्वभूमीच्या रंगाचं ठिगळ लावावं लागतं, आणि मागे फोटो ठेवला की बिंग फुटतं. जावाच्या पाथमध्ये पडतं, पण नियम 'इव्हन-ऑड' ठेवावा. मूळच्या 'नॉन-झीरो' नियमात आतला आकार बाहेरच्याच दिशेनं फिरवला तर भोक बुजतं.

*

मकबरा कंपासचा, पैठणी चौकटीच्या कागदाची. एकाच जिल्ह्यात दोन्ही शाळा. पदरावरचा मोर घराघरानं मोजून विणतात, त्याची तिरकी रेघ पायऱ्यांनीच चढते. कमान हव्या त्या मापाची करा, गुळगुळीत राहते. मोर दुप्पट करा, तिप्पट करा. दीडपट केला की काही घरं एका पिक्सेलची, काही दोनची, आणि चोच वाकडी. मोर काढताना अँटीअलायझिंग बंदच ठेवावं. मऊ कडांचा मोर वॉलपेपरवर शोभेल, पदरावर नाही.

*

टर्बो सी मध्ये (६४० बाय ४८०, १६ रंग) एकदा काढलेली रेघ तशीच राहायची. जावाच्या स्विंग खिडकीत तसं नाही. तिथे बटणाच्या कोडमध्ये काढलेली कमान खिडकी ताणताच गायब होते. काढणं 'पेंट-कंपोनंट'मध्ये, बटणानं आकडे बदलावेत आणि 'रीपेंट' म्हणावं, बस्स.

*

हौशी मुलांसाठी: खिडकीच कमानीच्या आकाराची कापता येते. जावात 'सेट-शेप', त्याआधी 'अनडेकोरेटेड'. मग टायटल बार जातो आणि त्याबरोबर बंद करायची फुलीही. ती आपणच काढायची, आणि क्लिक तिच्यात पडला का हे त्या आकारालाच 'कंटेन्स'नं विचारायचं. एस्केप दाबून बंद होण्याची सोय मात्र आधी करून ठेवा.