उतारवयातील वाहन

तारुण्यात मनुष्य गाडी निवडतो ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. उतारवयात ती निवडावयाची असते स्वतःच्या गुडघ्यांसाठी. साठी उलटल्यावर आम्ही जालन्यात जुनी मोटार शोधू लागलो, तेव्हा घरच्या मंडळींस हा विचार फारसा रुचला नाही. "काका, आम्ही घरात असता तुम्हांस निराळी गाडी कशाला?" असे पुतण्यांनी प्रेमाने विचारले. परंतु जांबेस समर्थांच्या जन्मस्थानी जावयाचे असो, अंबडास मत्स्योदरीच्या दर्शनास जावयाचे असो, की डोळे दाखविण्यास छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे असो, प्रत्येक वेळी कोणास सवड आहे हे विचारीत बसावे लागणे, हेच आमच्या मते खरे वार्धक्य होय.

नवी गाडी आम्ही मनात आणली नाही. नव्या गाडीचे मोल पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते. महिन्यातून चारदा बाहेर पडणाऱ्या उभयतांनी तो भार का सोसावा?

प्रथम पाहिली ती बैठक. बसक्या गाडीत शरीर खाली सोडावे लागते, उंच गाडीत ते वर ओढावे लागते. कमरेच्या उंचीची बैठक मात्र खुर्चीसारखी सुखकर होते. भारतात १९९९ साली आलेली वॅगनआर ही अशा उभट बांध्याची सर्वपरिचित गाडी. आमच्या कुटुंबाने प्रत्येक गाडीत तीनदा बसून कोणाचाही हात न धरता उठून पाहावे, असा नेमच आम्ही केला होता. या एका कसोटीने निम्म्या गाड्या बाद झाल्या.

दुसरी कसोटी प्रकृतीची. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. टायरवर कोरलेले चार अंक अवश्य वाचावेत: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते व त्यास भेगा पडतात. आपल्या जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तेथील वेगात व उन्हात जुन्या टायरवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरी कसोटी कागदपत्रांची. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, म्हणून उरलेली वर्षे मोजावीत. २९ व ३० क्रमांकांचे अर्ज भरून मालकी आपल्या नावे करून घ्यावी, विमाही बदलून घ्यावा. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा ही दक्षता विकणाऱ्याच्याही हिताची.

सरतेशेवटी कसोटी चालविणाराची. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते, व त्यास डॉक्टरांचा दाखला लागतो. परंतु पाच वर्षे हा काळ दीर्घ आहे. दृष्टी तेवढे थांबत नाही. म्हणून आम्ही घरात ठरवून टाकले आहे की, दिवेलागणीनंतर गाडी काढावयाची नाही, आणि शेजारी बसणाऱ्या सूनबाईंनी ज्या दिवशी "मामंजी, आता पुरे" म्हटले, त्या दिवशी वाद न घालता किल्ली त्यांच्या हाती द्यावयाची. स्वातंत्र्य केव्हा सोडावे हे आधी ठरले असले म्हणजे ते निर्धास्तपणे भोगता येते.