एका पेटीचा धडा

कोणतीहि वस्तु घेतांना तिची किंमत आधीं विचारावी, असें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें. ही शिकवण खोटी नाहीं. परंतु ती अपुरी आहे, हें मला चाळिशी उलटल्यावर एका लहानशा पेटीनें शिकविलें. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईवडिलांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहें.

इ. स. २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या आणि वर्गांतील फळा मोबाईलच्या काचेवर येऊन बसला. मोबाईलची रेंज कधीं येई, कधीं जाई. म्हणून घरीं ब्रॉडबँड घ्यावें असें मीं ठरविलें. माझ्या घरीं टेलिफोनची जुनी तांब्याची तार होती. अशा तारेवरून ब्रॉडबँड देण्याची सोय भारत संचार निगमानें २००५ च्या जानेवारींत सुरू केली होती. तारेसाठीं मोडेम लागतो, घरांतील सर्वांस वांटून देण्यास राउटर लागतो, आणि दोन्ही एकाच पेटींत घेतले तर स्वस्त पडतात, एवढी माहिती मीं मिळविली. पेटी आणली, ती चाललीहि. तेवढ्यावर मी स्वतःस जाणता समजूं लागलों.

त्याच सुमारास माझ्या वर्गांतील एका मुलाचे वडील मजकडे आले. ते जिनिंगमध्यें हमाली करीत. "आमाले त काई समजत नाई, सर, तुमीच सांगा कोन्ती घ्याची," असें ते म्हणाले. मीं क्षणभरहि विचार न करितां आपल्याच पेटीचें नांव चिठ्ठीवर लिहून दिलें. चार दिवसांनीं ते ती पेटी पिशवींत घालून परत आले. त्यांच्या वस्तींत तांब्याची तार नव्हतीच. तेथें केबलवाल्यानें काचेचा तंतु, म्हणजे फायबर, आणिला होता. तो लावण्यास माझ्या शिफारशीच्या पेटींत जागाच नव्हती. शिवाय फायबरची पेटी केबलवाला स्वतःच देणार होता. म्हणजे त्यांस कांहीं विकत घेण्याचें कारणच नव्हतें! दुकानदार उघडलेली पेटी परत घेईना. मीं पैसे देऊं केले, ते त्यांनीं घेतले नाहींत. "जाऊ द्या सर, तुमी काय मुद्दाम थोडीच केलं," असें म्हणून त्यांनीं मलाच धीर दिला. ते रागावले असते तर मला इतकी लाज वाटली नसती.

शेवटीं माझाच एक जुना विद्यार्थी धांवून आला. तो गांवांत संगणकदुरुस्ती करितो. त्यानें मला समजाविलें तें असें: मोडेम हा दुभाष्या होय. तारेंतून येणारी खूण तो संगणकाच्या भाषेंत उतरवितो. राउटर हा टपालकचेरींतील कारकून होय. कोणतें पत्र कोणाचें, हें पाहून तो वांटप करितो. तार बदलली कीं दुभाष्या बदलावा लागतो. तांब्यास एडीएसएलचा मोडेम, तर फायबरास ओएनटी नांवाची पेटी. वांटप करणारा मात्र दोहोंकडे चालतो.

त्या मुलाचें घर जुन्या धाब्याचें, मातीच्या भिंती हातभर जाड. केबलवाल्याची पेटी पुढच्या खोलींत बसली, पण तिची लहर मागच्या खोलींत पोहोंचेना. तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें तिच्यापासून एक केबल ओढून ती आमच्या फुकट गेलेल्या पेटीच्या लॅनच्या छिद्रांत घातली. त्या पेटीचा अंतर्गत पत्ता बदलला आणि तिचें पत्ते वांटण्याचें काम, ज्यास डीएचसीपी म्हणतात, तें बंद केलें. कारण एका घरांत पत्ते वांटणारे दोन झाले कीं घोटाळा होतो. दुभाष्या निरुपयोगी ठरला, पण त्याच पेटीनें मागच्या खोलींत मुलाच्या अभ्यासाची सोय केली.

तेव्हांपासून कोणी सल्ला विचारला, तर पेटीचें नांव न सांगतां मीच प्रश्न विचारतों. तुमच्या दारीं तार कोणती? कंपनी पेटी देते काय, आणि देत असल्यास भाडें किंवा अनामत किती? घर केवढें, भिंती कशा? २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून बरी जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीशीं लवकर थकते. वेग किती घेणार? ४० मेगाबिट म्हणजे सेकंदास ५ मेगाबाइटच होत, कारण आठ बिटांचा एक बाइट. एवढ्या वेगास १०० मेगाबिटांचें छिद्र पुरतें. अधिक मोठ्यासाठीं पैसा कां घालावा? आणि तांब्याची तार असेल, तर पेटीवर २४ मेगाबिट छापलेले असले तरी एक्स्चेंज जितकें दूर, तितका वेग कमी मिळणार, हेंहि ध्यानांत ठेवावें. पेटी घरीं आली कीं तिचा मूळचा पासवर्ड त्याच दिवशीं बदलावा.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्यानें आधीं बसून हिशेब करावा, असा त्याचा बोध. तो मीं वर्गांत अनेकदां सांगितला होता. परंतु तो हिशेब केवळ रुपयांचा नसून स्वतःच्या ज्ञानाचाहि असतो, हें मला तेव्हां उमगलें नव्हतें. शिक्षकाच्या शब्दावर गरीब मनुष्य आपली मजुरी खर्च करितो. म्हणून, मुलांनो, जें ठाऊक नाहीं त्याविषयीं "मला ठाऊक नाहीं, विचारून सांगतों" असें म्हणण्यास लाजूं नका. मी तें वाक्य उशिरां शिकलों, आणि त्याची किंमत दुसऱ्यानें भरली.