मोरीतली डार्करूम

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरातलं कुणी फोटोग्राफी क्लबात जात असे, त्यांना ‘आज रात्री मोरीत कुणी जायचं नाही’ हा हुकूम आठवत असेल. कुणाचे बाबा, कुणाचा काका, कुणाचा आतेभाऊ. जेवणं उरकली की मोरीच्या फटींवर काळं कापड चढे, पाटावर एन्लार्जर बसे आणि लाल दिवा लागे. शेजारी तीन ट्रे: डेव्हलपर, पाणी, हायपो. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास हवा, आणि मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच तिशी गाठतं. म्हणून शेजाऱ्यांच्या फ्रीजमधला बर्फ घमेल्यात आणि बर्फात ट्रे. आम्हां पोरांकडे ट्रे हलवायचं काम. कोऱ्या ब्रोमाइड पेपरवर आधी केस उमटत, मग भुवया, आणि सर्वांत शेवटी गाल. ‘दारातून उजेड आला तर बघा!’ अशी तंबी असे, तरी एखादी आजी नेमकी तेव्हाच तांब्या मागायला येई.

हा शौक महाग होता. क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलवर फोटो बाराच निघत. पस्तीस मिलिमीटरवाले क्लबातले चौघे मिळून पूर्व जर्मनीच्या ‘ऑर्वो’ फिल्मचा शंभर फुटी डबा घेत आणि रजईखाली हात घालून अंदाजानं रिकाम्या कॅसेटी भरत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा स्वदेशी पर्याय होता. बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करी.

महिन्यातल्या एका रविवारी शाळेच्या वर्गात क्लबाची बैठक भरे. विषय दिलेला असे: पाऊस, श्रम, वार्धक्य. फळ्याला टेकवलेल्या प्रिंटांपुढे परीक्षक उभे राहत. क्षितिज मधोमध का आलं, बाईच्या डोक्यातून विजेचा खांब का उगवला, असे प्रश्न येत आणि सरकारी नोकरीतली पोक्त माणसं शाळकरी पोरांसारखी माना खाली घालत. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 सालची, देशभरच्या क्लबांचं फेडरेशन 1953 सालचं. त्या मोठ्या जगाशी गावोगावच्या क्लबांचा संबंध सलोनच्या, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांच्या, पार्सलांतून येई. प्रिंट परत आली आणि पाठीमागे ‘अ‍ॅक्सेप्टेड’ची चिठ्ठी दिसली, की घरात शिरा होई.

घरच्या बायकांची तक्रार मात्र रास्त होती. दिवे घाटातले वारकरी, धुरळ्यातली गुरं, कोळीवाड्यातली जाळी यांत सगळा रोल संपे आणि घरच्या बारशाला कॅमेरा रिकामा. घरच्या आजीचा नंबर लागे तो ‘वार्धक्य’ हा विषय आला की. मग तिला खिडकीशी सूप देऊन बसवायचं, सुरकुत्यांवर तिरपा उजेड घ्यायचा. तिचं नाव कुणी लिहीत नसे. माउंटवर लिहिलेलं असे ‘जीवनसंध्या’.

त्या प्रिंट, ती निगेटिव्हं अजून माळ्यांवर आहेत. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. एकदा सुरुवात झाली की ती खराबी थांबत नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते डबे खाली काढा, जमेल तेवढं स्कॅन करून घ्या. आणि त्याआधी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून प्रत्येक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि नातं लिहून ठेवा.