धर्मराजाची बाजू

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? झाडाच्या शेंड्यावर एक पक्षी. आचार्य एकेका शिष्याला बोलावून विचारतात, काय दिसते? धर्मराज सरळपणाने सांगतो, झाड दिसते, भाऊ दिसतात, आपणही दिसता. झाले! आचार्य त्याला बाजूला सारतात. अर्जुनाला मात्र पक्ष्यावाचून दुसरे काही दिसत नाही आणि तो पैकीच्या पैकी गुण घेऊन जातो. तो पक्षी खरा नव्हता बरे का. आचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेतला होता, असे महाभारतच सांगते. तेव्हा घरी केलेल्या लक्ष्याची परंपरा आपल्याकडे चांगलीच जुनी आहे.

मी शाळामास्तर. वर्गात ही गोष्ट सांगताना अर्जुनाची स्तुती करणे मला भागच आहे. पण अलीकडे मनातून मी धर्मराजाच्या बाजूला गेलो आहे, आणि त्याला कारण झाला माझा भाचा.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 451.4 गुण मिळवून कांस्यपदक घेता झाला. हा मुलगा शालेय वयात नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला; त्यामुळे आम्हा नाशिककरांना ते पदक थोडेसे घरचेच वाटले. तशी बंदूक आमच्या गावाला परकी नाही. देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत कैक पिढ्या वाढल्या, आणि डॉ. मुंजे यांनी 1937 साली इथे भोसला मिलिटरी स्कूल काढले. पदकाच्या दुसऱ्याच दिवशी भाच्याने घोषणा केली, "मामा, मी नेमबाज होणार!" घोषणेपाठोपाठ छऱ्याची बंदूकही आली.

माझ्या बहिणीची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. दाजींनी एकच अट घातली: "निशाण कुठं मांडायचं ते मी सांगणार." भाच्याची नजर होती विहिरीजवळच्या काळ्या कातळावर. दाजी म्हणाले, "दगडावर मारलेला छर्रा दगडात राहत नाही रे बाबा, तो मारणाऱ्याकडं परत येतो." त्यांनी ओघळाच्या काठची दोन पुरुष उंचीची मातीची दरड निवडली. छर्रा हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, पण मोकळ्या रानात तो दोनशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. शेताची हद्द सातबाऱ्यावर असते. छऱ्याला ती वाचता येत नाही.

मग आमचा कारखाना सुरू झाला. मांडवाचे दोन जुने लोखंडी अँगल जमिनीत रोवले. त्यांच्यावर लाकडी चौकट बसवली. कागद अडकवायला बहिणीच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे पळवले. कागदाचा मध्य जमिनीपासून 1 मीटर 40 सेंटिमीटर उंच आणि अंतर 10 मीटर, हे स्पर्धेचे माप. त्या कागदावरचे दहा गुणांचे वर्तुळ म्हणजे अर्धा मिलिमीटर रुंदीचा ठिपका! माझ्या चष्म्याला तो कागदावरचा डागच वाटला. चौकटीच्या मागे पोत्यांची भिंत रचली, डोक्याहून उंच. पोत्यांत भरायची माती दाजींनी आमच्याकडून चाळून घेतली, कारण एखादा खडासुद्धा छर्रा उलटवू शकतो. सगळा खर्च म्हणाल तर बहिणीची बोलणी.

नियम मी सुवाच्य अक्षरात लिहून काढले. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजायचे. नळी दरडीकडे किंवा जमिनीकडे, तिसरी दिशा नाही. चाप ओढायच्या क्षणापर्यंत बोट बाहेर. डोळ्यांवर चष्मा सर्वांनी लावायचा, पाहणाऱ्यांनीही. बांबूवर लाल फडके असेतो पुढे कोणी जायचे नाही. छर्रे शिशाचे, म्हणून खेळ संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय लाडवाला हात लावायचा नाही. पाखरांवर नेम धरायचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याची भीती नसती तरी नाही. आणि नळी .177 हून मोठी किंवा जोर 20 जूलहून अधिक असला, तर 2016 च्या नियमांप्रमाणे हवेच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हेही त्याला बजावले. काडतुसाची बंदूक चालवायची जागा रायफल क्लबात, शेतात नव्हे.

दिवाळीच्या सुमारास बागेत छाटणी चालू असते. पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबे येऊन राहतात. त्यांना सगळे समजावून सांगितले होते; पण चार वर्षांच्या मुलीला लाल फडक्याचा अर्थ कोण समजावणार? एका सकाळी भाच्याचे नऊ छर्रे झाले होते. त्यातले सहा ठिपक्याच्या अगदी जवळ; असा डाव त्याला कधीच साधला नव्हता. दहाव्यासाठी त्याने श्वास रोखला. आम्ही मागे गप्प. आणि एकाएकी त्याने नळी जमिनीकडे वळवली.

"मामा, दरडीवर कोणीतरी आहे."

वर काठाशी ती चिमुरडी उभी होती, करडाच्या मागे आलेली. आमच्याकडे पाहून हसत होती. नेम दरडीच्या पायथ्याशी होता, छर्रा तिच्यापर्यंत पोचला नसता, असे नंतर कोणी म्हणाले. दाजींनी त्यावर काहीच उत्तर दिले नाही. त्यांनी पोरीला उचलून तिच्या आईकडे नेऊन दिले आणि दुपारपर्यंत दरडीच्या वरच्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. बहिणीने त्या रात्री मुलाच्या पानात न मागता दुसरा लाडू वाढला.

तेव्हापासून मला वाटते, आचार्यांनी धर्मराजावर थोडा अन्याय केला. स्पर्धेच्या रेंजवर भिंती असतात, पंच असतात, हुकूम द्यायला माणूस असतो. आजूबाजूचे सगळे पाहण्याचे काम ते करतात, म्हणून नेमबाजाला बाकीचे जग विसरता येते. अर्जुनाला अर्जुन होता यावे, म्हणून कोणीतरी धर्मराज व्हावे लागते. शेतात ती दोन्ही कामे एकाच पोराला करावी लागतात. आधी झाड, भाऊ, आचार्य, दरडीवरची पोर, सगळे पाहायचे, मग पक्षी.

भाचा पुढे पदक मिळवील की नाही, देव जाणे. दहाव्या छऱ्याची जागा त्याच्या वहीत त्या दिवशी कोरी राहिली. ती वही मी पाहिली. मास्तर म्हणून मला गुण द्यायचे असते, तर त्या कोऱ्या जागेला मी दहापैकी दहा दिले असते.