बिऱ्हाड कोठे करावे?

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत आले. हल्ली शहरातील मध्यम स्थितीच्या कुटुंबास घर बांधण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही; बांधलेल्या हजारो घरांतून एक निवडण्याचा मात्र येतो, आणि तो बांधण्याहून काही कमी कसोटीचा नव्हे. घराची एखादी भिंत गैरसोयीची वाटली तर ती पाडून घेता येते. वस्ती गैरसोयीची निघाली तर तिला काय करणार?

हा प्रसंग गेल्या वर्षी आमच्यावर आला. पुण्याच्या सदाशिव पेठेतील ज्या वाड्यात आमच्या तीन पिढ्या भाडेकरू म्हणून नांदल्या, तो वाडा जीर्ण झाला आणि मालकांनी तेथे नवी इमारत उठविण्याचे ठरविले. त्याच जागी दोन खोल्यांचा लहानसा ब्लॉक घ्यावा, किंवा मोबदला घेऊन अन्यत्र जावे, असे दोन मार्ग आमच्यापुढे होते. घरात आम्ही नऊ माणसे : ८२ वर्षांच्या मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू व वहिनी, आणि दोघांची मिळून चार मुले. म्हणजे पेठ धरून ठेवावी तर कुटुंब दुभंगणार, आणि कुटुंब एकत्र ठेवावे तर पेठ सुटणार, असा हा पेच होता. कुटुंब एकत्र ठेवावयाचे, एवढे पहिल्याच रात्री ठरले. कोठे, हे ठरावयास मात्र आठ महिने लागले.

बंधूंची कचेरी हिंजवडीस असल्यामुळे बाणेर-बालेवाडीकडे जावे असे मुलांचे म्हणणे पडले. तिकडील इमारती उंच, आवारात पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, सारे काही. आप्तांपैकी एकांनी सिंहगड रस्त्याच्या पलीकडील बाजू सुचविली. तितक्याच पैशांत तेथे जागा मोठी मिळत होती. तिसरे नाव कोथरूडचे निघाले. तेथील जुन्या सोसायट्यांत लिफ्ट लहान, जिना अरुंद आणि झगमगाट कमी. मातोश्रींना विचारले तर त्या म्हणाल्या, "तुम्ही न्याल तेथे मी येईन, पण दुपारी दाराशी कोणी माणूस फिरकेल ना, तेवढे पाहा."

आम्ही पाहणीस आरंभ केला तो पाण्यापासून. पुणे शहराची वस्ती मुळात पाण्याच्या आधाराने वाढली आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळातून शहरातील हौदांत आणले, तेव्हा कोठे पेठा नांदत्या झाल्या. उलटपक्षी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शेकडो बिऱ्हाडांना गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत नव्याने संसार मांडावे लागले. पाणी वस्ती वसविते आणि उठवितेही. ही गोष्ट केवळ इतिहासाची नव्हे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरोघर शिरले. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूस जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचे अनेक रुग्ण आढळले, तेव्हा प्रथम संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावरच. या भागातील अनेक गावे २०१७ व २०२१ या दोन खेपांत महानगरपालिकेत आली. परंतु गावाचे नाव शहराच्या यादीत चढले म्हणजे शहराचा नळही त्याच दिवशी दारी येतो असे नाही.

येथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी लागते असे धरण्याचा प्रघात आहे. २०० बिऱ्हाडांच्या एका सोसायटीत दर बिऱ्हाडी चारच माणसे धरली तरी ८०० माणसांना १,०८,००० लिटर पाणी रोज हवे. १०,००० लिटरचा एक टँकर धरल्यास नळ कोरडा पडलेल्या दिवशी जवळजवळ ११ टँकर आवारात आले पाहिजेत. त्यांचे पैसे अर्थातच रहिवाशांनी द्यावयाचे. जाहिरातीतील पोहण्याचा तलाव पाहताना हा आकडा आमच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

त्यानंतर अंतराचा प्रश्न. अंतर मैलांत मोजण्याचे दिवस गेले. ते आता तासांत मोजावे लागते. जाण्यायेण्यात रोज दोन तास गेले आणि वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले, तर ५०० तास होतात. म्हणजे रात्र-दिवस मिळून जवळजवळ २१ दिवस माणूस रस्त्यावर काढतो. या दृष्टीने पाहता बाणेरची बाजू बळकट होती आणि बंधूंच्या वतीने मुले तसे आग्रहाने मांडीतही होती. परंतु खुद्द बंधूंनीच एके रात्री कागद पुढे ओढला व निराळाच हिशेब मांडला. घरातील प्रत्येक माणूस दिवसाचे किती तास घरात व घराच्या आसपास काढतो, ते त्यांनी एकेकाच्या नावापुढे लिहिले. मातोश्रींच्या नावापुढे २४ आले. आमच्या सौभाग्यवतींच्या नावापुढे २१. वहिनी पेठेतील शाळेत शिकवितात, त्यांच्यापुढे १६. स्वतःपुढे त्यांनी १२ लिहिले आणि त्यांतील ७ झोपेचे म्हणून खोडून टाकले. मग ते म्हणाले, "माझ्या पाच तासांसाठी आईचे चोवीस तास अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवावेत, हे मला रुचत नाही."

या बोलण्याने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आपल्या एकत्र कुटुंबांतून घर निवडण्याचा निर्णय बहुधा मिळवता पुरुष करतो, आणि घरात कमीत कमी वेळ असणाराही तोच असतो. दळण, भाजी, औषध, देऊळ, डॉक्टर, मुलांची ने-आण, कामाला येणारी बाई हे ज्यांच्या दिवसाचे खरे व्यवहार, त्यांना पुष्कळदा फक्त स्वयंपाकघराचा ओटा दाखवावयास नेतात. आमच्या मते घर निवडण्यात ज्याचे तास अधिक, त्याच्या मतास वजन अधिक असावे.

पुढील पाहणी यामुळे घरातील स्त्रियांनी केली. त्या एकेका वस्तीत तीनदा जाऊन आल्या : एकदा वैशाखात, पाणी किती येते ते पाहावयास, एकदा आषाढात, पाणी कोठे तुंबते ते पाहावयास, आणि एकदा कामाच्या दिवशी सायंकाळी सहाच्या सुमारास. दलालाऐवजी त्यांनी पहारेकऱ्याला, वाण्याला आणि धुण्याभांड्याच्या बायकांना विचारले. सौभाग्यवतींनी मातोश्रींच्या चालीने, वाटेत दोनदा थांबत, इमारतीच्या फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन पाहिले. कोथरूडास त्या आठ मिनिटांत पोहोचल्या. बालेवाडीस मोठा रस्ता ओलांडण्यातच तितका वेळ गेला.

वहिनींच्या शाळेचा प्रश्न मेट्रोने सोडविला. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा सुरू झाला आणि पुढे ती डेक्कन जिमखान्यावरून रामवाडीपर्यंत गेली. कोथरूडाहून पेठेच्या उंबरठ्यापर्यंत येणे त्यामुळे सुकर झाले. कागदपत्रांची बाजू आम्ही सांभाळली. भोगवटा प्रमाणपत्र, चटईक्षेत्र, आणि जागा नदीच्या निळ्या किंवा लाल पूररेषेत येते काय, या तीन गोष्टी वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज कोणीही इसार देऊ नये.

शेवटी कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोर दारे असलेले दोन ब्लॉक घेतले. एवढ्या पैशांत तिकडे याहून मोठी व नवी जागा मिळाली असती, हे आम्ही जाणतो. मुलांचा हिरमोड झाला. तोही नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांत नाजूक प्रश्न मात्र चुलीचा होता. एक ठेवावी तर नऊ माणसांचा भार एकीवर. दोन कराव्यात तर लोक म्हणणार, वेगळे झाले. वहिनींनी तोडगा सुचविला : सकाळचे डबे ज्याचे त्याने आपल्या स्वयंपाकघरात करावेत, रात्रीचे पान मातोश्रींजवळ एकत्र मांडावे. मातोश्री म्हणाल्या, "चालेल. पण दिवसा दोन्ही दारे उघडी ठेवा." खरेदीपत्रे दोघी जावांच्या नावे केली. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते खरी, पण आमचे कारण ते नव्हते.

आमचा निर्णय इतरांस लागू पडेलच असे नाही. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणाच्या घरी परीक्षेस बसलेला मुलगा. कोणास बालेवाडीच योग्य ठरेल. परंतु जागा पाहावयास निघण्यापूर्वी बंधूंनी केला तसला तासांचा कागद प्रत्येक कुटुंबाने एकदा करून पाहावा, आणि ज्याच्या नावापुढे मोठा आकडा येईल त्यास प्रथम विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.