मोठेबांची भरमार

वकिलीची सनद माझ्या नावावर आहे, पण तिच्यामागे माझ्या मोठेबांची भरमार बंदूक आहे. मोठेबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सहीपुरती अक्षरं ओळखणारे. आसगावात नाल्याकाठी त्यांच्या धानाच्या बांध्या होत्या आणि वरच्या अंगाला तूर. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं धान लोळवून जायचा, म्हणून त्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला होता. त्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज लिहायला घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मी तेव्हा आठवीत होते आणि माझं अक्षर बरं होतं.

अर्जापायी परवान्याचं पुस्तक माझ्या हाती आलं. नाव, वय, हत्याराचा प्रकार, आणि पुढे बारीक छापलेल्या अटी. मोठेबा म्हणाले, "वाच पोरी, सगळं वाच. काय काय करू नोको मनते, ते सांग मले." मी एकेक अट वाचायची, अडलं की पुन्हा वाचायची, आणि ते पाटावर बसून मान हलवत ऐकायचे. काय करता येतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. काय करायचं नाही, ते मात्र त्यांना पाठ हवं होतं. कायद्याची माझी पहिली शिकवणी ती. त्यांच्या बायकोला, मोठीमायला, हे रुचायचं नाही. पोरीच्या जातीला बंदुकीच्या कागदाशी काय करायचं, असं ती म्हणायची. मोठेबा तिला उत्तर द्यायचे नाहीत, पण पुढच्या खेपेला अर्ज माझ्यापुढेच ठेवायचे. भंडाऱ्याच्या कलेक्टर कचेरीत जातानाही मला एसटीत शेजारी बसवायचे. खिडकीवर काय विचारलं, काय उत्तर द्यायचं, हे मीच बोलायचं असा त्यांचा नेम होता.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम १३ मध्ये या बंदुकीला स्वतःची जागा आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागायची ती किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, आणि खरोखरच्या पीकरक्षणासाठी मागायची ती तोंडाकडून भरायची भरमार. परवाना कशासाठी दिला, हेही कायद्याच्या लेखी तितकंच महत्त्वाचं. त्याआधीचा १८७८ चा कायदा अपमानाचा होता. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट. म्हणूनच काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये मागितला गेला. पुढे संविधानात मात्र तो आला नाही. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून तो हक्क आहे आणि त्याभोवती सगळं एक जग उभं राहिलं आहे. आपल्याकडे तसं झालं नाही, याचं मला समाधान वाटतं. मोठेबांनी स्वतःचे पैसे मोजून बंदूक घेतली होती, पण तिच्याबद्दल बोलताना ते 'जिम्म्याची बंदूक' म्हणायचे. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर परत आणायची. याची त्यांना कधी कटकट वाटली नाही.

तूर भरायला लागली की ते जागलीला जायचे, आणि सुट्टीत मीही मोठीमायबरोबर मचाणावर जायची. बंदूक भरणं हे सावकाश काम होतं. आधी नळीच्या तोंडातून मापानं बारूद. मग चिंधीचा बोळा, आणि गजानं तो ठासून बसवायचा. मग छर्रे, वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. गज किती बाहेर राहिला, हे ते बोटं लावून बघायचे. त्यावरून आत किती भरलं ते कळे. हे सगळं होईतो नळीचं तोंड आभाळाकडे. बार पेटवणारी टोपी मात्र लावायची नाही. टोप्यांची डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, बंदुकीजवळ कधीच नाही, आणि घरात तर मुळीच नाही. "आधी डोरे उघडे, मंग टोपी," ते म्हणायचे. अंधारात तुरीत काही हललं की आधी पिपा वाजवायचा, हाकारे द्यायचे, बॅटरी मारून जनावर ओळखायचं. बहुतेक रात्री पिप्यावरच भागायचं. टोपी लावली तरी बार बहुधा हवेतच निघायचा. आज २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नव्या परवान्यासाठी हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रशिक्षण मोठेबांनी मला मचाणावर दिलं.

एका थंडीत नाल्यावरच्या डिझेल इंजिनाजवळ बॅटरी चमकली. डुकरं आली होती म्हणून टोपी लागलेली, घोडाही चढलेला. दोघंतिघं जण पाइप सोडवत होते. मोठेबांनी नळी वर केली, बोट खटक्यापासून दूर घेतलं आणि ओरडले, "कोन आहे रे? बंदूक आहे माह्यापाशी, पन ते डुकरासाठी आहे. पाइप ठेवा अन् जा." ते पळाले. जाताना पाइपांचं एक भेंडोळं घेऊन गेले. मोठेबांनी आधी टोपी काढली, मग अंगठ्यानं घोडा हळूच उतरवला. सकाळी भरलेला बार धुऱ्याच्या मातीत मोकळा केला, आणि ठाण्यात जाऊन चोरीची खबर दिली. गावात लोक म्हणाले, पायावर तरी मारायचा होतास. त्यांचं उत्तर एवढंच होतं: "पाइप इकत भेटते."

कितीतरी वर्षांनी नागपूरला कायद्याच्या वर्गात भारतीय दंड संहितेची कलमं ९६ ते १०६ समोर आली. आता ती भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत अधिकार पोचतो तो जबरी चोरीत, रात्रीच्या घरफोडीत, राहत्या घराला किंवा कोठाराला आग लावली जाते तेव्हा, किंवा चोरी अशी असेल की जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी. एरवी नाही. शिवाय कलम ९९ सांगतं, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. वर्गात शेजारच्या मुली नोंदी उतरवून घेत होत्या. मला ते कलम पाठ करावं लागलं नाही. त्याची रेघ मी मोठेबांना अंधारात ओढताना पाहिली होती. वकिलीला घातलं वडिलांनी. पण ती रेघ खरी आहे आणि माणसाला पाळता येते, हा विश्वास मोठेबांचा. तो नसता तर मी या धंद्यात टिकले नसते.

आता काळजी वेगळी आहे. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं, आणि आमच्या पवनी तालुक्यात शेतावर जाणाऱ्याच्या मनात डुकराच्या आधी वाघ येतो. पोरं माझ्याकडे बंदुकीचा अर्ज मागायला येतात. मी त्यांना दोन गोष्टी सांगते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं जनावराला मारावं लागलं, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ त्याला गुन्हा मानत नाही. अट एकच, त्या वेळी तो माणूस त्याच कायद्याचा भंग करत नसावा. पीक खाणाऱ्या जनावरासाठी मात्र वन खात्याची परवानगी लागते, परवान्याची बंदूक असली तरी.

आणि कुंपणात वीज सोडायची नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, तो मी आवरत नाही. ज्या जय वाघामुळे आमच्या अभयारण्याचं नाव झालं, त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड भागात शेताच्या अशाच तारेला लागून मेला. या तारांना माणसंही लागली आहेत, कधी तर शेतमालकाच्याच घरातली. तारेला डोळे नसतात. ती हाक देत नाही, टोपी काढून ठेवत नाही, ओळख पटली म्हणून थांबत नाही. धान वाचवण्याचा शेतकऱ्याचा हक्क मी कोर्टात शेवटपर्यंत लढवीन. पण मालक घरात झोपलेला आणि तार शेतात जागी, अशा राखणीची बाजू मी घेत नाही.

मोठेबा गेल्यावर आम्ही बंदूक जमा केली. वारस म्हणून परवाना मागता आला असता, पण जागलीला जाणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि जागल नसेल तर ती मागायचं कारणही नव्हतं. शिक्का मारलेली पावती माझ्या फायलीत आहे. आसगावचं कुणी पीकसंरक्षणाचा अर्ज घेऊन आलं, तर आधी सगळ्या अटी मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवते. त्यानं ऐकून घेतल्या तर अर्ज लिहून देते. त्याची फी घेत नाही.