अब्बांचे गळाचे डबे

कोकणात आखाती पैशातून उभ्या राहिलेल्या घरांना गॅरेज असतं, त्यात गाडी असतेच असं नाही. वाशिष्ठीच्या खाडीकाठी, दाभोळच्या अलीकडे आमच्या अब्बांनी घर बांधलं तेव्हा शटर लावून गॅरेज काढलं. गाडी आलीच नाही. तिथे नारळाची सोडणं, पावसाळ्याची फाटी, जुनं शिलाई मशीन आणि आतल्या भिंतीला लागून अब्बांचा गरवायचा संसार राहिला. तीन प्लॅस्टिकचे डबे, पाच काठ्या, चार रिळं.

अब्बा कुवेतला नोकरीला होते. जुम्याची नमाज झाली की समुद्रावर जाऊन गळ टाकायचे. तिथले लोक ज्याला हामूर म्हणतात तो आपला गोबरा, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी त्यांच्या पत्रांतून कळलं. त्यांचा पहिला डबा तिकडेच राहिला. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि इतर हजारो हिंदी लोकांप्रमाणे अब्बाही अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने परतले, अंगावरच्या कपड्यांनिशी. पुन्हा गेले तेव्हा हे तीन डबे एकेक करून घेतले. कायमचे परत आले तेव्हा सामानात टीव्हीपेक्षा डब्यांची काळजी जास्त होती.

मागच्या डिसेंबरात त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. अम्मीची चार महिने दहा दिवसांची इद्दत पूर्ण झाली, शाळांना मेची सुट्टी लागली आणि आम्ही तिघं भावंडं घरी जमलो. पाऊस लागायच्या आत गॅरेज आवरायला हवं होतं. एका बुजुर्ग नातेवाइकांनी सल्ला दिला, "त्यात काय आहे? भंगारवाल्याला द्या, नाहीतर पोरांना खेळायला."

पोरांना खेळायला गळ द्यावेत असं ज्याला वाटतं त्याने गळाचं उलटं टोक बोटात गेलेलं पाहिलेलं नसावं. तो काटा आत सहज जातो, ओढला की मांस फाडून बाहेर येतो. आणि भंगाराचं म्हणाल तर सूरह निसाच्या सातव्या आयतीत स्पष्ट आहे की आईबाप आणि नातलग जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मग ते थोडं असो की फार. थोडं असलं तर सोडून द्या, असं तिथे नाही.

म्हणून अंगणात चटई टाकून डबे उघडले. अब्बांची शिस्त बघण्यासारखी होती. झाकणाच्या आतून उर्दूत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गळ नंबराप्रमाणे नव्हे, मासळीप्रमाणे लावलेले. बोयटाचे बारीक, शिंगाळ्याचे मधले, तांबोशीचे आणि जिताड्याचे जाड. गळाच्या नंबरांचा हिशोब तसा चमत्कारिकच असतो. दहा नंबरचा गळ एक नंबरपेक्षा लहान, पण एकच्या पुढे 1/0, 2/0, 3/0 अशी उलटी चढण सुरू होते आणि गळ मोठे होत जातात. वर्गात असं गणित घातलं तर पालक तक्रार घेऊन येतील. अब्बांनी ती भानगडच ठेवली नव्हती.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र त्यांच्या हातून डबे उघडले गेले नव्हते आणि खाडीच्या खाऱ्या हवेने आपलं काम केलं होतं. एखादा गळ ओला राहिला की त्याचा गंज खणातल्या सगळ्या गळांना लागतो. रबरी मासे, म्हणजे आमिष म्हणून लावायचे मऊ प्लॅस्टिकचे, दुसऱ्या डब्यात चिकट काल्यासारखे झाले होते आणि त्यांनी डब्याचा तळही विरघळवला होता. त्यांच्यातलं तेलकट द्रव्य कडक प्लॅस्टिकला खातं. म्हणून ते ज्या पिशवीत विकत मिळतात त्यातच ठेवावेत, आणि दोन जातीचे एकत्र कधी ठेवू नयेत. नायलॉनचा तंगूस शटरच्या फटीतून येणाऱ्या उन्हात राहिला होता, तो हातात ओढताच तुटला. तो कापून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकला. खाडीत टाकला असता तर पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात गेला असता.

शिशाचे तुकडे आम्ही मोठ्यांनीच हाताळले. शिसं विषारी आहे. आपल्याकडे बारीक शिसं तंगुसावर दातांनी दाबायची सवय आहे, ती वाईट. हाताळलं की साबणाने हात धुवावेत, आणि शिशाचा डबा स्वयंपाकघरात आणूच नये.

तिसऱ्या डब्याच्या तळाशी कापडात गुंडाळलेलं एक रीळ निघालं. वर चिठ्ठी होती. कोळीवाड्यातल्या दोस्ताचं, दुरुस्तीसाठी आणलेलं. म्हणजे ती अमानत, तरक्यात धरायचीच नाही. धाकटा भाऊ त्याच संध्याकाळी मगरिबच्या आधी देऊन आला. एका छोट्या वहीत दुकानाची 350 रुपयांची उधारी निघाली, ती भागवली. कर्ज आधी, वाटणी नंतर.

जे उरलं ते बाजारात असलं सामान विकणाऱ्या एका माणसाला दाखवलं. त्याने सगळ्याची किंमत 16,000 रुपये केली. मुलंबाळं असल्यामुळे अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. चाळीस भाग केले की अम्मीचे 5, आपाचे 7 आणि आम्हा दोघा भावांचे प्रत्येकी 14. एक भाग 400 रुपयांचा. म्हणजे अम्मीला 2,000, आपाला 2,800 आणि भावांना 5,600-5,600.

आपा म्हणाली, "मला पैसे नकोत. करडा डबा आणि मोठं रीळ द्या."

कुणीतरी हसून म्हणालं, बाईमाणूस गळ घेऊन काय करणार. त्यांना माहीत नसावं की अब्बा सुट्टीवर आले की पहाटे फज्रनंतर खाडीवर त्यांच्याबरोबर आपाच जायची. आम्ही भाऊ झोपलेले असायचो. गाठ आजही ती आमच्यापेक्षा चांगली मारते. तिचं सासर बाणकोटच्या खाडीवर आहे आणि तिचा मुलगा चौदाचा झाला आहे.

डबा आणि रीळ मिळून 4,500 होत होते, हिश्शापेक्षा 1,700 जास्त. तेवढं आमच्याकडून हिबा समज, असं आम्ही म्हटलं. आपाने ऐकलं नाही. पर्स उघडून 1,700 रुपये मोजून चटईवर ठेवले आणि म्हणाली, "आज मी माझ्या हिश्शाचं बरोबर घेते. जास्त नको. पण कमीही नको."

चटईवर जरा वेळ कुणी बोललं नाही. आमच्या गावात बहिणींकडून "आमचं माफ" असं वदवून घ्यायची रीत आहे. चहा पाजून, रडून, कधी मयताच्या चाळिसाव्यालाच. जिला माहेर टिकवायचं असतं ती माफ करते, आणि सगळे म्हणतात, किती चांगली मुलगी. जिथे गळाचा हिशोब चाळिसाव्या भागापर्यंत झाला, तिथे आंब्याच्या आणि नारळाच्या वाडीचा होणार नाही असं कोण म्हणणार? अम्मी आत गेली आणि कपाटातून सातबारा आणि वाडीची वही घेऊन आली.

उरलेले दोन डबे गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून ठेवले आहेत. प्रत्येक खणात औषधाच्या बाटल्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. रिळांचा ताण सैल केला, नाहीतर आतल्या चकत्या दाबून राहतात. डबे जमिनीवरून उचलून शटरपासून दूर, पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर गेले. अब्बांच्या उर्दू चिठ्ठ्या तशाच ठेवून खाली मराठीत लिहिलं, कारण घरातल्या पुढच्या पिढीत उर्दू वाचणारी पोरं दोनच आहेत.

वाडीची मोजणी दिवाळीच्या सुट्टीत ठेवली आहे. आपा येणार आहे.